अनवाणी पायांचे तळवे

आश्विनांतील नवरात्र संपलें, दसऱ्याचें सोनें लुटून झालें, कीं आमच्याकडील पुष्कळ घरांतून एक निराळीच तक्रार ऐकूं येते. नऊ दिवस पायांत चप्पल न घालण्याचें व्रत ज्या लेकीसुनांनीं आणि सासवांनीं पाळलेलें असतें, त्या न्हाणीघरांत तळवे चोळीत बसतात. आणि कितीही चोळलें तरी टांचेचा काळेपणा हटत नाहीं म्हणून कष्टी होतात. आषाढीच्या वारीहून परतलेल्या मंडळींची अवस्था तीच. परसांत, देवळांत, अथवा नुसत्या घरच्या फरशीवर बारा महिने अनवाणी वावरणाऱ्या वडीलधाऱ्यांचें तर विचारावयासच नको. त्यांच्या तळव्यांचा मूळ रंग कोणता, हें घरांत कोणासच ठाऊक नसतें.

विषय क्षुद्र वाटेल. परंतु तळव्यावरचा डाग घालविण्याच्या नादांत शहाणीं माणसें जे उपाय करतात ते पाहिले म्हणजे त्यावर चार शब्द लिहिणें अवश्य वाटूं लागतें. कोणी विटेचा तुकडा घेऊन रक्त येईपर्यंत घासतो, कोणी दाढीच्या पात्यानें टांच तासतो, आणि न्हाणीची फरशी धुण्याचें ॲसिड पाण्यांत टाकून त्यांत पाय बुडविणारेही आम्हीं पाहिले आहेत.

पाय धुण्याकडे आमच्या पूर्वजांचें लक्ष होतें ह्यांत संशय नाहीं. महाभारतांतील नलोपाख्यानांत कलि नलाच्या एखाद्या दोषाची वाट पाहत निषध देशांत दीर्घकाळ राहिला. अखेर बाराव्या वर्षीं नल लघुशंकेनंतर पाय न धुतां संध्येस बसला, आणि तेवढ्याच छिद्रांतून कलि आंत शिरला. मूळ कथेंत पाय धुतले नाहींत एवढेंच आहे. 'टांच कोरडी राहिली' ही पुस्ती मराठी घरांतील आज्यांनीं जोडली आणि बाहेरून आलेल्या पोराच्या टांचा तपासण्याची चाल पाडली. आम्हांस ही पुस्ती मूळ कथेइतकीच मोलाची वाटते, कारण धुतांना हटकून राहतो तो भाग टांचेचाच. मनूनें ओल्या पायांनीं जेवावें पण ओल्या पायांनीं निजूं नये असें सांगितलें आहे. त्यांतील उत्तरार्धाचें मर्म पावसाळ्यांत ज्यांस चिखल्या होतात त्यांस सांगावयास नको. आणि अनवाणी चालणें हेंच काय तें शास्त्र, असें जे आग्रहानें सांगतात त्यांनीं चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचवा अध्याय अवश्य उघडून पाहावा. तेथें पायांस तेल चोळण्याचे गुण सांगितले आहेत, तसेच पादत्राण वापरण्याचेही सांगितले आहेत.

तळवा काळा कां पडतो हें समजण्यास त्याची घडण पाहिली पाहिजे. कातडीचा सर्वांत वरचा थर मृत असतो; खालून वर येणाऱ्या पेशी मरून, चपट्या होऊन, एकावर एक रचल्या गेल्यामुळें तो बनतो. दंडावर किंवा पोटावर हा थर साध्या कागदाहून पातळ असतो. तळव्यावर, विशेषतः टांचेवर, तो एक मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड होऊं शकतो. दुसरी गोष्ट अशी कीं घामाच्या ग्रंथि येथें अतिशय दाट आहेत, परंतु त्वचा स्निग्ध ठेवणाऱ्या तैलग्रंथि मात्र मुळींच नाहींत. डोक्यास शरीर स्वतः तेल पुरवितें. तळव्यास तें बाहेरूनच द्यावें लागतें. वाग्भटानें रोजच्या अभ्यंगांत डोकें, कान आणि पाय ह्यांचा विशेष उल्लेख केला आहे, तो पायांच्या बाबतींत तरी अगदीं यथार्थ आहे.

माणूस अनवाणी चालूं लागला कीं घर्षणापासून रक्षण व्हावें म्हणून शरीर हा थर आणखी जाड करूं लागतें. जाड थर, त्यांत तेलाचा अभाव. तो सुकतो, ताठर होतो, आणि अंगाच्या भारानें टांचेच्या कडेस तडकतो. उन्हाळ्यांत काळ्या रानाला भेगा पडतात त्याच जातीच्या ह्या भेगा. त्यांत आणि तळव्याच्या बारीक रेषांत धूळ जाऊन बसते, वरून घाम मुरतो, पुन्हां धूळ बसते. असा मळ कातडीच्या आंत दडलेला असल्यामुळें वरून कितीही घासलें तरी हातीं लागत नाहीं.

मळाची जात प्रदेशपरत्वें बदलते. कोंकणांत व गोमंतकांत जांभ्याची तांबडी माती. तिचा रंग लोखंडाच्या गंजाचा, आणि कण इतके बारीक कीं पांढऱ्या धोतराच्या कांठास लागले तर धोतर विरेपर्यंत सोडीत नाहींत. देशावरील काळी माती चिकण. ती पाण्यानें फुगते व पायास लेपासारखी धरते. ओली असतांना धुतली तर सहज निघते, वाळूं दिली तर भेगेंत घट्ट बसते. म्हणून रानांतून आल्याबरोबर उंबऱ्याबाहेर पाय धुण्याची जुनी रीत शिष्टाचाराइतकीच सोयीचीही होती. शहरांत डांबर, गाड्यांच्या धुराची काजळी, आणि टायर झिजून उडणारी काळी पूड.

घराबाहेर पाऊल न टाकतांही तळवे काळे कां होतात, असा प्रश्न आम्हांस एका भगिनीनें केला होता. त्याचें उत्तर स्वयंपाकघरांत आहे. फोडणीच्या धुराबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब वर जातात, ते सावकाश जमिनीवर उतरतात, त्यांवर धूळ चिकटते, आणि हें तेलकट काजळ अनवाणी पाय दिवसभर टिपून घेतात. सारवलेल्या जमिनी जाऊन शहाबादी फरशी आली, फरशी जाऊन चकचकीत लाद्या आल्या. लादी पांढरी झाली म्हणून तळवे पांढरे राहिले असें मात्र झालें नाहीं. हा मळ नुसत्या पाण्यानें हालत नाहीं. तेथें साबणच पाहिजे.

आतां उपाय. रात्रीं जेवणखाण आटोपल्यावर घंगाळांत, तें नसल्यास एखाद्या पसरट बादलींत, घोटे बुडतील इतकें कोमट पाणी घ्यावें. कोमट म्हणजे हाताच्या कोपरास सुखानें सोसेल इतकेंच. त्यांत थोडा अंगाचा साबण किंवा रिठ्यांचें पाणी मिसळावें, आणि दहा ते पंधरा मिनिटें पाय बुडवून स्वस्थ बसावें. एवढ्या वेळांत मृत थर पाणी पिऊन फुगतो, भेगांचीं तोंडें सैल होतात व आंतील मळ हालूं लागतो. तासभर भिजविल्यानें अधिक फळ मिळतें असें नाहीं. उलट कातडी पांढुरकी होऊन सुरकुतते, तिच्यांतला उरलासुरला ओशटपणा निघून जातो आणि दुसऱ्या दिवशीं ती अधिकच कोरडी पडते.

नंतर वज्री. हा शब्द हल्लीं मुलांस समजावून सांगावा लागतो. पूर्वीं न्हाणीच्या कोनाड्यांत वज्री असे. धातूची, खालून खाचा पाडलेली, धरावयास वर एखादा पक्षी किंवा दुसरी आकृति. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत, जें केळकरांनीं १९७५ सालीं सरकारच्या स्वाधीन केलें, जुन्या वज्र्या जपून ठेवलेल्या आहेत. पाय घासावयाच्या वस्तूवर एवढी कारागिरी खर्च करणाऱ्या लोकांविषयीं आमच्या मनांत आदर उत्पन्न होतो. वज्री नसेल तर बाजारांत मिळणारा सच्छिद्र दगडही चालेल. कांहींही घ्या, पाय ओला असतां, साबणाच्या फेंसावर, हलक्या हातानें दहापंधरा वेळां फिरवावें आणि थांबावें. मळ शिल्लक दिसतो म्हणून हात जड करूं नये. तळवा लालसर झाला किंवा चुरचुरूं लागला म्हणजे जरूरीपेक्षां जास्त घासलें असें समजावें. जोरानें घासणें शरीरास घर्षणच वाटतें, व त्याच्या उत्तरादाखल तें तेथें अधिक जाड थर चढवितें. म्हणजे घाम गाळून आपण पुढच्या महिन्याच्या मळास जागा करून देतों.

पाय पुसतांना बोटांच्या बेचक्या कोरड्या करण्यास विसरूं नये. तळवा किंचित् दमट असतांनाच तेल चोळावें, म्हणजे आंत मुरलेलें पाणी कोंडून राहतें. कोंकणांत ह्या कामीं कोकमाच्या बियांचें तेल वापरतात. तें मेणासारखें घट्ट असतें, गोळा ऊन करून पातळ झालेलें तेल भेगांत सोडतात. देशावर तिळेल, किनाऱ्यावर खोबरेल. सुश्रुतानें फार चालणाऱ्याच्या रूक्ष पायांस पडणाऱ्या भेगा पाददारी ह्या नांवानें नेमक्या ओळखल्या आहेत आणि त्यांवर मेण, राळ, तूप इत्यादिकांचा लेप सांगितला आहे. औषधांच्या दुकानांत मिळणारें युरियाचें मलम त्याच कामाचें. युरिया पाणी धरून ठेवतो व जाड कातडी मऊ करतो. पांढरें व्हॅसलिनही वाईट नाहीं. वर जुने सुती मोजे चढवून निजावें, म्हणजे तेल पांघरुणास न लागतां पायांस लागतें. तेल चोळलेल्या पायांनीं गुळगुळीत लादीवर मात्र चालूं नये. टांच उजळविण्याच्या पायीं म्हातारपणीं खुब्याचें हाड मोडून घेण्यांत काय हंशील?

मळ वेगळा आणि रंग वेगळा. मेंदीचा रंग कातडीच्या द्रव्याशींच जडतो, आणि तळहात व तळवे येथें थर जाड असल्यामुळें तो अधिक गडद चढतो व अधिक दिवस टिकतो. त्याच्याशीं झगडण्यांत अर्थ नाहीं. कातडी झडेल तसा तो जाईल. हळदीचा डाग साबणानें धुवूं गेल्यास तांबडा दिसूं लागतो आणि माणूस घाबरतो. घाबरण्याचें कारण नाहीं. हळदीस क्षाराचा स्पर्श झाला कीं ती तांबडी होते, घरगुती कुंकू ह्याच युक्तीनें होत असे. तेल लावून पुसावें आणि थोडें उन्हांत बसावें. उन्हानें हळद फिकी पडते. डांबरास व फणसाच्या चिकास पाण्याआधीं खोबरेल लावून चोळावें, फडक्यानें टिपावें, मग साबण. रॉकेलानें डांबर निघतें हें खरें, पण कातडीही सोलवटते.

लिंबू आणि सोडा एकत्र करून लावण्याचा एक उपाय घरोघर सांगतात. एक आम्ल, दुसरा क्षार. दोघे एकमेकांस मारतात, फसफस मात्र मनोहर होते. वर्गांत दाखविण्यास हा प्रयोग उत्तम, भेगा पडलेल्या टांचेस अगदीं गैर. बिब्ब्याविषयीं मात्र अधिक कडक भाषा वापरली पाहिजे. भेगांस बिब्ब्याचा चटका देण्याची चाल जुनी आहे, म्हणून ती निर्दोष ठरत नाहीं. बिब्ब्याच्या तेलानें कित्येकांस फोड येतात, पाय सुजतो, कधीं अंगभर उतूं जातें. पातें आणि ॲसिड ह्यांविषयीं लिहिण्याची गरज पडूं नये.

अनवाणी राहण्यास आमचा सरसकट विरोध नाहीं. पंढरपुरांत जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन ह्यांनीं १९६४ सालीं कवि गजानन माधव मुक्तिबोध निवर्तल्यावर पादत्राणें टाकलीं आणि पुढें देशोदेशीं ते अनवाणीच हिंडले. आळंदीहून पंढरीस अनवाणी जाणाऱ्याच्या निष्ठेपुढें तर्क करणारे आम्ही कोण? परंतु वाट कोणती, हें पाहिलें पाहिजे. कैरो येथें आर्थर लूस नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर अंकुशकृमीच्या अळ्या असलेलें पाणी सांडलें, तेथें खाज सुटली, आणि कांहीं आठवड्यांनीं त्याच्याच शौचांत त्या कृमीचीं अंडीं सांपडलीं. १८९८ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें आणि कृमि धडधाकट कातडींतून शरीरांत शिरतात हें जगास समजलें. उघड्यावर शौचास बसण्याची चाल जेथें असेल त्या ओलसर जमिनींत अनवाणी चालणें म्हणजे त्यांस आमंत्रणच. मुंबईस २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची जी साथ आली ती उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून, पायांवरील जखमा व भेगा ह्यांच्या वाटेनें पुष्कळांच्या शरीरांत गेली. तुंबलेल्या पाण्यांतून आल्यावर पाय धुवावेत हें ठीकच. भेगाळलेल्या टांचेनें त्यांत उतरूंच नये हें त्याहून ठीक.

खरी काळजी घरांतील वृद्धांची, आणि त्यांतही ज्यांस मधुमेह आहे त्यांची. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजीबाई पंचाहत्तरीच्या, मधुमेह वीस वर्षांचा. नवरात्रांत अनवाणी राहण्याचा नेम सासूबाईंपासून चालत आलेला. तो त्यांनीं सोडला नाहीं. अष्टमीच्या रात्रीं नातू पायांस तेल लावावयास बसला. "आजी, तुझ्या पायाला हें काळें काय ग?" "मळ असेल रे. उद्यां वज्रीनें काढीन." मुलगा चौकस. त्यानें विजेरी आणून पाहिलें, तों बांगडीच्या कांचेचा तुकडा तळव्यांत रुतलेला आणि सभोंवारची कातडी काळीनिळी झालेली. तो केव्हां शिरला हें आजीबाईंस सांगतां येईना, कारण तो त्यांस टोंचलाच नव्हता. जखम भरण्यास अडीच महिने लागले. आणखी आठवडा गेला असता तर पाऊल वांचविणें कठीण झालें असतें, असें डॉक्टरांनीं चिरंजीवांस बाजूस घेऊन सांगितलें.

मधुमेह दीर्घकाळ राहिला म्हणजे तो नसा दुबळ्या करतो, आणि आरंभ बहुधा पायांपासून होतो. कांटा टोंचत नाहीं, पाणी पोळत नाहीं, फोड दुखत नाहीं. रक्ताचा पुरवठाही कमी झालेला असतो, त्यामुळें झालेली जखम भरत नाहीं, चिघळते, आणि शेवटीं शस्त्रक्रियेनें पाय काढण्यापर्यंत पाळी येते. म्हणून आम्हीं वर जो उपाय सांगितला तो अशा माणसांनीं करूं नये. त्यांनीं पाय भिजवीत बसूं नये. वज्री, दगड, पातें, कुरूप काढण्याची पट्टी, ह्यांपैकीं कशासही हात लावूं नये. दुसऱ्या कोणी हात घालून पाहिलेल्या कोमट पाण्यानें व साबणानें पाय धुवावेत, मऊ पंचानें टिपावेत, तळव्यास तेल लावावें, बेचक्यांत लावूं नये. तळवे काळे राहिले तर राहूं द्यावेत. घरांतही मऊ चप्पल वापरावी. सोंवळ्यास अडचण वाटत असेल तर घरापुरता वेगळा, धुतां येण्यासारखा जोड ठेवावा. वैशाखांत भर दुपारीं देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळव्यांस फोड आलेले आणि तें घरीं येईपर्यंत न समजलेले असे रोगी डॉक्टरांकडे दर उन्हाळ्यांत येतात. आतुरास नियम शिथिल करण्याची सवड धर्मशास्त्रानेंच ठेवलेली आहे. ती घेण्यांत देवीचा अवमान होत नाहीं, असें घरांतील कर्त्या पुरुषानें किंवा पुरोहितांनीं आजीबाईंस सांगितलें तर त्या ऐकतात. सुनेनें सांगितलें तर ऐकत नाहींत, असा आमचा अनुभव आहे.

आणखी एक अडचण आमच्या चालीरीतींतच आहे. आम्ही वडिलांच्या पायां पडतों, पण नमस्कार करणाऱ्यास पाऊल दिसतें, तळवा दिसत नाहीं. तळवा दुसऱ्याकडे करणें हा असभ्यपणा, म्हणून म्हातारीं माणसें तो कोणास दाखवीत नाहींत. आणि वांकवत नसल्यामुळें त्यांस स्वतःसही तो दिसत नाहीं. तेव्हां घरांतील एका नातवंडाकडे हें काम रोजचें म्हणून सोंपवावें: उजेडांत आजीआजोबांचे तळवे आणि बेचक्या पाहणें. लालपणा, फोड, चीर, ओल, नवा डाग, कांहींही दिसलें तरी मोठ्यांस सांगणें. मुलांस असलें काम आवडतें.

धुण्यानें न जाणारा काळा डाग हा मळच असेल असें मानूं नये, मग माणूस तरुण कां असेना. आघातानें कातडीखालीं सांकळलेलें रक्त काळें दिसतें. तें आठवड्यांत सरकत सरकत जातें. चामखिळीच्या पोटांत काळे ठिपके असतात. ती घासल्यास फैलावते. परंतु एखादा काळा वा तपकिरी डाग महिन्या दोन महिन्यांत वाढत असेल, त्याची कड वेडीवांकडी असेल, रंग एकसारखा नसेल, किंवा त्यांतून रक्त येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञास विलंब न लावतां दाखवावें. काळ्यासांवळ्या वर्णाच्या लोकांत मेलानोमा नांवाचा त्वचेचा कर्करोग जेव्हां होतो तेव्हां तो पुष्कळदां तळव्यावरच होतो, आणि 'मळ असेल' म्हणून तो वाढूं दिला जातो.

निरोगी माणसांस किती दिवस लागतील, असें विचाराल तर हिशेब सोपा आहे. दसऱ्याच्या रात्रीं पाय भिजवावयास आरंभ केला तर कोजागिरीच्या दुधापर्यंत वरचा सर्व मळ निघून जातो. टांचेच्या भेगांतील काळ्या रेषा तितक्या लवकर जात नाहींत. आंतला थर वर येऊन बाहेरचा झडेपर्यंत त्या राहणारच, आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगापर्यंत त्या बऱ्याच फिक्या झाल्या तरी पुष्कळ झालें. तोंवर पाहुणे आले असतां पाय लुगड्याच्या घोळाखालीं घेऊन बसावें.